पांच पौंडांचें माप

परवां रविवारीं सकाळीं आमच्या घरांत एक लहानसा वाद उपस्थित झाला. आमचा पुतण्या विज्ञानशाखेचा विद्यार्थी आहे. कोणत्याशा पुस्तकांत त्यानें एका शहराचा नकाशा पाहिला होता. शहराच्या मध्यभागीं अणुबाँब पडल्यास काय होईल हें दाखविण्यासाठीं त्या नकाशावर एकांत एक अशीं वर्तुळें काढलेलीं होतीं. त्यांतील एका वर्तुळावर 'दर चौरस इंचास ५ पौंड' असें लिहून खालीं 'बहुतेक राहतीं घरें जमीनदोस्त' अशी टीप दिली होती. त्याच वेळीं स्वयंपाकघरांत डाळीच्या कुकरची शिट्टी झाली. पुतण्यानें विचारलें, "काका, त्या कुकरांत दर चौरस इंचास १५ पौंडांचा दाब असतो, आणि तो रोज दोन वेळां असतो. मग त्याच्या एक तृतीयांश दाबानें घर कसें पडेल?"

वहिनींनीं आंतूनच उत्तर दिलें, "कुकरचें झांकण हातानें दाबून धरून पाहा, म्हणजे पंधरा पौंड म्हणजे काय तें कळेल!" सर्वजण हंसले, परंतु त्या प्रश्नाचें निम्में उत्तर वहिनींच्या बोलण्यांत होतें, हें आमच्या नंतर ध्यानांत आलें.

राहिलेलें निम्में उत्तर शोधतां शोधतां जी हकीकत आम्हांस कळली, ती वाचकांपुढें मांडावी म्हणून हा लेख. अणुस्फोटाचा वायुधक्का शास्त्रज्ञांनीं कसा मोजला, ही ती हकीकत. ती केवळ यंत्रशाळेंतील असेल असें प्रथम वाटतें. पण वाचीत गेलें म्हणजे तींत कागदाचे कपटे, पत्र्याचे डबे, खिडक्यांच्या कांचा आणि घरांच्या भिंती हींच पुनःपुन्हां पुढें येतात.

दाब म्हणजे काय?

हवेस वजन आहे हें आपण सर्वच शाळेंत शिकलों. समुद्रसपाटीवर तें वजन दर चौरस इंचास सुमारें १४.७ पौंड पडतें. हा भार आपल्या अंगावर, घराच्या छपरावर, पाण्याच्या हंड्यावर सदैव असतो; परंतु तो आंतून व बाहेरून सारखाच असल्यामुळें जाणवत नाहीं. स्फोट झाला म्हणजे तेथील हवा एकाएकीं तापून फुगते आणि सभोंवारच्या हवेस ढकलूं लागते. ढकललेली हवा दाटते, आणि त्या दाटलेल्या हवेची जणूं एक भिंतच ध्वनीहूनही अधिक वेगानें चोहोंकडे धांवत सुटते. ती एखाद्या ठिकाणीं पोंचतांच तेथील दाब नेहमीच्या वायुभारावर जितका चढतो, तितका त्या ठिकाणचा जादा दाब. नकाशावरील पांच पौंड ते हे.

आतां कुकरचें गणित करूं. ८ इंच व्यासाच्या झांकणाचें क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस इंच. त्यावर दर चौरस इंचास १५ पौंड म्हणजे एकंदर ७५० पौंड, अर्थात् सुमारें ३४० किलो. तें हातानें दाबून धरणें दोन पैलवानांसही कठीण! पण झांकण धातूचें व आकारानें लहान, आणि दाब हळूहळू चढणारा. म्हणून तें टिकतें. आतां घराची भिंत घ्या. १० फूट लांब व १० फूट उंच भिंतीचें क्षेत्रफळ १४,४०० चौरस इंच होतें. पांच पौंडांच्या हिशेबानें तिजवर ७२,००० पौंड, म्हणजे सुमारें ३२ टन भार येतो. भिंत ही वरून येणारा भार पेलण्यासाठीं बांधलेली असते. बाजूनें असा भार येण्याचा प्रसंग तिच्यावर साऱ्या आयुष्यांत येत नाहीं. शिवाय हा भार एकाएकीं येतो, आणि खोलींतील हवेस बाहेरच्या हवेशीं बरोबरी साधण्यास वेळच मिळत नाहीं. लाट भिंतीवर समोरून आदळली तर तेवढ्या क्षणापुरता दाब दुपटीहूनही अधिक होतो. तिच्या पाठोपाठ ताशीं सुमारें १६० मैल वेगाचा वारा येतो. दाब ओसरल्यावर उलट ओढ सुरू होते आणि हवा स्फोटाच्या दिशेनें परत फिरते. हा सारा प्रकार थोड्या सेकंदांत आटोपतो.

पुतण्याच्या प्रश्नाचें उत्तर येथें संपलें असें वाटलें होतें. पण त्यानें लगेच दुसरा प्रश्न काढला: "पण काका, हा पांचाचा आंकडा कोणी आणि कसा मोजला? जेथें सर्व वस्तूंचा नाश होतो, तेथें मापाचें यंत्र कसें टिकलें?"

वाळवंटांतील कागदाचे कपटे

जगांतील पहिला अणुस्फोट अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतांतील वाळवंटांत १६ जुलै १९४५ रोजीं पहाटें साडेपांचच्या सुमारास घडवून आणण्यांत आला. त्या प्रयोगास 'ट्रिनिटी' असें नांव होतें. स्फोट किती मोठा होईल याविषयीं खुद्द शास्त्रज्ञांतच एकमत नव्हतें; त्यांनीं आपसांत पैजाही लावल्या होत्या. मापनाची तयारी मात्र कसून केलेली होती. ७ मे रोजीं त्याच वाळवंटांत टी. एन. टी. या स्फोटक द्रव्याच्या सुमारें १०० टनांचा ढीग रचून उडविण्यांत आला. ज्याचें वजन ठाऊक आहे अशा स्फोटावर उपकरणें तपासून घ्यावीं, म्हणजे अज्ञात स्फोटाच्या वेळीं तीं काय सांगतात तें कळेल, हा त्यांतील हेतु होता. बाजारांतील वजनमापें प्रमाण वजनांशीं ताडून पाहतात, तसाच हा प्रकार.

या उपकरणांपैकीं कांहीं फार नाजूक होतीं. दाब पडतांच कांहीं जातींच्या स्फटिकांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते. ती तारांनीं दूरवर नेऊन तिची नोंद घेतां येते. परंतु आम्हांस विशेष वाटलें तें एका अगदीं साध्या उपकरणाचें. एक पेटी घ्यावी, तिला लहानमोठ्या व्यासाचीं भोंकें पाडावीं आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख ताणून बसवावा. मोठ्या भोंकावरील वर्ख थोड्या दाबानें फाटतो. लहान भोंकावरील वर्ख फाटण्यास अधिक दाब लागतो. स्फोटानंतर जाऊन, कोणत्या मापापर्यंतचे वर्ख फाटले आणि कोणते शाबूत राहिले, एवढेंच पाहावयाचें. म्हणजे त्या जागीं दाब कोठवर चढला होता तें समजतें. येथें वीज नको, घड्याळ नको, माणूसही नको. जें फाटतें, तेंच माप सांगतें.

याहूनही साधें माप एन्रिको फर्मी यांनीं घेतलें. मूळचे इटलीचे असलेले हे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ स्फोटापासून सुमारें दहा मैलांवर उभे होते. प्रकाश तर तत्क्षणीं दिसला. पण वायुधक्का तेथवर पोंचण्यास सुमारें ४० सेकंद लागले. त्या अवधींत त्यांनीं हातांतील कागदाचे कपटे सुमारें सहा फूट उंचीवरून सोडण्यास आरंभ केला. वारा पडलेला होता. धक्का येण्यापूर्वीं सोडलेले कपटे सरळ पायांशीं पडले. धक्का जात असतां जे हवेंत होते ते सुमारें अडीच मीटर दूर जाऊन पडले. तेवढ्या अंतरावरून त्यांनीं स्फोटाची शक्ति सुमारें दहा हजार टन टी. एन. टी. इतकी असावी असा अंदाज बांधला. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या पृथक्करणाप्रमाणें ती शक्ति सुमारें २४,८०० टन होती. म्हणजे कागदाच्या कपट्यांनीं निम्म्याहून थोडें कमी सांगितलें. हें अपयश म्हणावें कीं यश? आमच्या मतें यशच. कारण शंभर टन, दहा हजार टन कीं दहा लाख टन, एवढा ढोबळ निर्णय त्यांनीं क्षणार्धांत दिला.

याच स्फोटाचें माप एका इंग्रज गणितज्ञानें घरबसल्या काढलें. जेफ्री टेलर यांनीं स्फोटाची लाट कशी पसरते याचें गणित युद्धकाळांत, १९४१ सालींच, मांडलें होतें. ट्रिनिटीचीं क्रमवार छायाचित्रें १९४७ सालीं प्रसिद्ध झालीं. प्रत्येकावर वेळ आणि अंतराचें माप छापलेलें होतें. सेकंदाच्या दहाहजाराव्या भागांत अग्निगोलाची त्रिज्या ११ मीटर होती, आणि चाळिसाव्या भागांत ती १३० मीटर झाली. गोल किती वेळांत किती वाढला हें कळलें, आणि हवेची घनता ठाऊक असली, म्हणजे मागून ढकलणारी शक्ति काढतां येते. टेलर यांनीं १९५० सालीं आपला निष्कर्ष छापला: सुमारें १६,८०० टन. ४ ऑगस्ट २०२० रोजीं बैरूत शहराच्या बंदरांत २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा भीषण स्फोट झाला, तेव्हांही लोकांनीं मोबाइलवर टिपलेल्या चित्रांवरून त्याची शक्ति काढण्यासाठीं कांहीं शास्त्रज्ञांनीं टेलर यांचीच रीत वापरली.

नळकांड्याला बांधलेलें पत्र

येथवर आपण माणसें नसलेल्या वाळवंटांत होतों. यापुढील मापें वसलेल्या शहरांत घेतलेलीं आहेत, आणि येथें पांचाच्या आंकड्याचा दुसरा अर्थ आपल्यापुढें येतो.

विल्यम पेनी हे इंग्रज गणितज्ञ अमेरिकेंतील अणुबाँबच्या कार्यांत सामील होते. बाँबस्फोटानें घरें कशीं पडतात याचा अभ्यास इंग्लंडांतच, जर्मन बाँबवर्षावाच्या दिवसांत, झालेला होता. बाँब जमिनीवर न फोडतां उंचावर फोडल्यास लाट खालीं येऊन जमिनीवरून परततें, मूळची व परतलेली अशा दोन लाटा एकत्र मिळतात, आणि दाबाचें क्षेत्र वाढतें, हें गणितानें कळलें होतें. तेव्हां किती उंचीवर फोडावा? ज्या उंचीवरून पांच पौंडांचें वर्तुळ सर्वांत मोठें पडेल त्या उंचीवर! पांच पौंडच कां, तर तेवढ्या दाबानें राहतीं घरें पडतात म्हणून. या हिशेबानें हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजीं सुमारें ६०० मीटर उंचीवर, आणि नागासाकीवर ९ ऑगस्ट रोजीं सुमारें ५०० मीटर उंचीवर बाँब फोडण्यांत आला. हें वाचून आम्ही कांहीं वेळ स्तब्ध झालों. घर कशानें पडतें हें ज्ञान घर राखण्यासाठीं मिळवावें, हा सरळ मार्ग. येथें तें उलट बाजूनें वापरलें गेलें.

हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाबरोबर मापनाचें दुसरें एक विमान होतें. लुइस आल्व्हारेझ या शास्त्रज्ञांनीं तयार केलेलीं तीन नळकांडीं त्यांतून हवाई छत्र्यांनीं सोडण्यांत आलीं. प्रत्येकांत दाब ऐकणारा एक 'कान', म्हणजे मायक्रोफोन, आणि त्यानें ऐकलेलें बिनतारी संदेशानें विमानास कळविणारें यंत्र होतें. लाट नळकांड्यांवर आदळली, आणि त्या लाटेची आकृति विमानांतील पडद्यावर उमटून छायाचित्रांत नोंदली गेली. खालीं काय घडलें याची पहिली शास्त्रीय नोंद ती हीच.

तीन दिवसांनीं नागासाकीवर अशींच नळकांडीं सोडलीं गेलीं, तेव्हां प्रत्येकाबरोबर एका पत्राची प्रत होती. तें पत्र आल्व्हारेझ व त्यांचे दोन सहकारी यांनीं लिहिलें होतें, आणि तें रियोकिची सागाने या जपानी शास्त्रज्ञांच्या नांवें होतें. सागाने युद्धापूर्वीं कॅलिफोर्नियांतील त्याच प्रयोगशाळेंत काम करून गेलेले होते. लिहिणारे व ज्यांस लिहिलें ते एकमेकांचे परिचित. हा अणुबाँबच आहे, तुम्हीं तो ओळखाल, तेव्हां आपल्या सरकारास शरण जाण्यास सांगा, असा त्यांतील आशय होता. पत्र सांपडलें, पण सागाने यांच्या हातीं पडलें तें युद्ध संपल्यानंतर. एकाच नळकांड्यांत दाब मोजण्याचें यंत्र आणि जुन्या सहकाऱ्यास विनवणी! यंत्रानें आपलें काम चोख बजावलें. विनवणी मात्र उशिरां पोंचली.

१९४५ अखेरपर्यंत हिरोशिमांत सुमारें १,४०,००० आणि नागासाकींत सुमारें ७०,००० माणसें मेलीं, असा साधारण अंदाज आहे.

सप्टेंबरांत पेनी स्वतः त्या दोन्ही शहरांत गेले. त्यांच्याजवळ मोठीं यंत्रें नव्हतीं. पण अवशेषांनींच माप घेऊन ठेवलें होतें. झांकण लावलेला पत्र्याचा रिकामा डबा धक्क्यानें चेपला जातो. किती चेपला, हें त्यांत मावणाऱ्या पाण्यावरून कळतें. तशाच दुसऱ्या डब्यावर माहीत असलेला दाब देऊन ताडून पाहिलें, कीं पहिल्या डब्यानें सोसलेला दाब हातीं येतो. निशाणाचा खांब बारीक असल्यामुळें दाबानें चेपत नाहीं. पण पाठोपाठच्या वाऱ्यानें वांकतो. म्हणजे डबा दाब सांगतो, आणि खांब वारा सांगतो. भिंतींवर व दगडांवर उमटलेल्या सांवल्यांच्या कोनांवरून बाँब किती उंचीवर फुटला हेंही निघालें. चेपलेले डबे, वांकलेले खांब, उलथलेले दगड असा तो पुरावा पेनी यांनीं गोळा केला, आणि २५ वर्षांनीं, १९७० सालीं, दोन सहकाऱ्यांसह त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांत हिरोशिमाचा बाँब १२ हजार टनांचा व नागासाकीचा २२ हजार टनांचा ठरला. पुढें मान्य झालेले आंकडे १५ हजार व २१ हजार असे आहेत. पत्र्याच्या डब्यांचें उत्तर फारसें चुकलें नव्हतें.

किंबहुना, डबा हा यंत्राहून विश्वासू ठरल्याचा दाखला पुढच्याच वर्षीं मिळाला. १ जुलै १९४६ रोजीं प्रशांत महासागरांतील बिकिनी बेटांजवळ अमेरिकेनें जुन्या युद्धनौका उभ्या करून त्यांवर बाँब टाकला. तो नेमलेल्या नौकेपासून सुमारें ६५० मीटर बाजूला पडला, आणि मोठ्या खर्चानें मांडलेल्या नाजूक उपकरणांनीं दगा दिला. तेव्हां पेनी यांनीं साध्या पेट्रोलच्या पिंपांच्या अवस्थेवरून स्फोटाची शक्ति काढून दिली. या प्रयोगासाठीं बिकिनीच्या १६७ रहिवाशांस मार्च महिन्यांत घरें सोडावीं लागलीं होतीं, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. त्या घरांवरील दाब कोणीं मोजला नाहीं. पण तींही गेलीं.

प्रयोगासाठीं बांधलेलीं घरें

यानंतर मापाचा हेतु थोडा पालटला. दुसऱ्या राष्ट्रांजवळही अणुबाँब आला, तेव्हां आपलीं घरें टिकतील काय, ही चिंता अमेरिकेस लागली. १७ मार्च १९५३ रोजीं नेव्हाडाच्या वाळवंटांत १६ हजार टनांच्या स्फोटासमोर दोन दुमजली लांकडी घरें बांधण्यांत आलीं. एक ३,५०० फुटांवर, दुसरें ७,५०० फुटांवर. आंत खरें सामान मांडलें होतें, आणि पूर्ण पोशाखांत माणसांचे पुतळे बसविले होते. पहिल्या घरावर सुमारें पांच पौंडांचा दाब आला. शिशाच्या कवचांत ठेवलेल्या छायाचित्रण यंत्रानें टिपलेलें तें दृश्य पुढें जगभर दाखविण्यांत आलें. प्रथम रंगाचा धूर निघतो, मग भिंत आंत दबते, छप्पर उचललें जातें. आणि सुमारें सव्वादोन सेकंदांत घर नाहींसें होतें. दुसऱ्या घरावर दाब होता १.७ पौंड. तें उभें राहिलें. पण खिडक्या-दारें फुटून आंतील सामानाची दाणादाण उडाली.

५ मे १९५५ रोजीं २९ हजार टनांच्या स्फोटासमोर याहून मोठी वस्ती उभारली गेली. स्वयंपाकघरांत अन्नाचे डबे, दिवाणखान्यांत पुतळ्यांचीं कुटुंबें. विटांचें घर पांच पौंडांच्या दाबाखालीं ढासळलें. आंत लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटचीं घरें तेवढाच दाब सोसून उभीं राहिलीं. दारें-खिडक्या मात्र त्यांच्याही उरल्या नाहींत. दूरचीं दोन घरें अजून त्या वाळवंटांत उभीं आहेत. तेथें कधींच कोणी राहिलें नाहीं.

या प्रयोगांत दाबाची नोंद ठेवणारीं लहान यंत्रें जमिनींत पुरलेलीं असत. दाबानें एक पातळ पडदी फुगे, तिला जोडलेली सुई फिरत्या कांचेच्या तबकडीवर ओरखडा काढी, आणि त्या ओरखड्यांत दाबाचा चढउतार लिहिला जाई. त्यांतून एक अनपेक्षित गोष्टही कळली. लाट येण्यापूर्वींच स्फोटाच्या उष्णतेनें वाळवंटाची भूमि व तिच्यालगतची हवा तापते. तापलेल्या हवेंतून लाट पुढें पळते, धूळ उडविते, आणि सपाट वाळवंटावर गणितानें काढलेली आकृति व यंत्रानें काढलेली आकृति यांचा मेळ बसत नाहीं. तेव्हां एका जागचें माप दुसऱ्या जागीं जसेंच्या तसें लागू करतां येत नाहीं, हा धडा शास्त्रज्ञांस घ्यावा लागला.

मातोश्रींची आठवण

या सर्व मापांतून एक गोष्ट निष्पन्न झाली, ती प्रत्येक कुटुंबानें जाणून घेण्यासारखी आहे. माणसाचें शरीर घराहून बळकट आहे. कानाचा पडदा पांच पौंडांच्या सुमारास फाटूं लागतो. फुप्फुसांस इजा होण्यास बारा पौंडांच्या आसपास दाब लागतो. आणि केवळ दाबानें मृत्यु येण्यास त्याहूनही पुष्कळ अधिक, तीस ते पन्नास पौंड, दाब लागतो. घर मात्र पांच पौंडांनीं पडतें, आणि खिडकीची कांच अर्ध्या-एक पौंडानेंच फुटते. उष्णता व किरणोत्सर्ग यांचें संकट निराळें आहेच; परंतु वायुधक्क्यापुरतें पाहिलें तर माणूस हवेनें मरत नाहीं, आपल्याच घराच्या भिंतींनीं व कांचांनीं मरतो.

हें आम्ही वाचून दाखवीत असतां आमच्या मातोश्री ऐकत होत्या. त्यांचें वय आतां नव्वदीच्या घरांत आहे. त्या म्हणाल्या, "हें आम्हांला गोदीच्या स्फोटांतच कळलें होतें." १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टायकिन' हें जहाज सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यांसह उडालें, त्या वेळीं त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांचें बिऱ्हाड गिरगांवांत होतें. "चार वाजून गेले होते. पहिल्या धक्क्याला आम्ही सारीं मुलें धूर पाहावयास खिडकीशीं धांवलों. आजोबांनीं ओरडून आम्हांला आंत ओढलें आणि माजघरांत बसविलें. अर्ध्या तासानें दुसरा धक्का आला, तेव्हां त्या खिडकीच्या कांचा आंत येऊन पडल्या. छप्पर जागच्या जागीं होतें. पण आई महिनाभर धान्याच्या डब्यांमागून कांचा वेंचीत होती."

आजोबांस दाबाचें गणित ठाऊक नव्हतें. पण त्यांनीं केलें तें शास्त्रशुद्ध होतें. प्रकाश आधीं येतो, धक्का मागून येतो. आणि मधल्या वेळांत माणूस कुतूहलानें खिडकीशीं जातो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजीं रशियांतील चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली, तेव्हां आकाशांतील उजेड पाहण्यास लोक खिडक्यांशीं गेले, आणि मिनिट-दोन मिनिटांनीं धक्का आला. सुमारें १,५०० लोक जखमी झाले, ते बहुतेक कांचांनीं. बैरूतलाही हेंच घडलें. म्हणून आकाशांत मोठा उजेड वा दूरवर मोठा भडका दिसल्यास खिडकी सोडून आंतल्या भिंतीआड खालीं बसावें, हा नियम घरांतील लहानथोरांस सांगून ठेवण्यासारखा आहे. स्फोट कारखान्यांतील असो कीं गोदींतील, तो सारखाच लागू पडतो.

पुतण्यानें विचारलें, "मग हिरोशिमाचा धक्का आजीच्या धक्क्याच्या किती पट?" शक्तीच्या हिशेबानें दहापटीहून थोडा अधिक. परंतु धक्क्याची पोंच त्या प्रमाणांत वाढत नाहीं. ती घनमूळाच्या प्रमाणांत वाढते, हें इंग्रज शास्त्रज्ञ हॉपकिन्सन यांनीं पहिल्या महायुद्धाच्या काळांतच सांगितलें आहे. म्हणजे तोच दाब सुमारें सव्वादोन पट अंतरापर्यंत, आणि क्षेत्र घेतलें तर पांचपट विस्तारावर. ऐकून क्षणभर हायसें वाटतें. पण त्या पांचपट विस्तारांत घरें किती, हें विचारलें कीं तें वाटणें टिकत नाहीं.

उघड्या हवेंतील अणुस्फोट अमेरिका, रशिया व इंग्लंड यांनीं १९६३ च्या कराराप्रमाणें बंद केले. फ्रान्सनें ते १९७४ नंतर थांबविले, आणि चीननें शेवटचा १६ ऑक्टोबर १९८० रोजीं केला. आपल्या देशानें १९७४ व १९९८ सालीं पोखरण येथें केलेले प्रयोग भूमीच्या पोटांतील होते. त्यांची शक्ति भूकंपमापकांनीं मोजली गेली, वायुधक्क्यानें नव्हे. आज वायुदाब मोजणारीं केंद्रें जगभर आहेत. साठ केंद्रांचें जाळें विणण्याची आंतरराष्ट्रीय योजना आहे. त्यांचें काम कोणीं चोरून स्फोट केला काय, हें ऐकत राहणें. पूर्वीं जें माप घर पाडण्यासाठीं लागलें, त्याच मापाचे कान आतां पहाऱ्यावर बसले आहेत, ही या हकीकतींतील समाधानाची बाजू होय.

असो. पुतण्याच्या नकाशावरील वर्तुळ आतां आम्हांस निराळें दिसतें. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत, मोठ्या लोकांच्या चर्चेंत 'पांच पौंड' हा शब्द सहज येऊन जातो, आणि कानांस तो किरकोळही वाटतो; कुकरांत त्याच्या तिप्पट असतो ना! परंतु तो आंकडा यंत्राचा नाहीं, स्फोटाचाही नाहीं. माणसाच्या राहत्या घराची भिंत किती सोसते, याचा तो आंकडा आहे. पुढच्या वेळीं असें वर्तुळ नजरेस पडलें तर त्या रेषेवर आपलें घर ठेवून पाहावें, आणि मग त्या चर्चेत भाग घ्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे. आमच्या पुतण्यानें तर तें त्याच सायंकाळीं केलें. त्यानें पेन्सिलीनें नकाशावर एक लहानसा चौकोन काढला, आणि त्यांत कोण कोण राहतें त्यांचीं नांवें लिहिलीं. मातोश्रींचें नांव पहिलें होतें.